खेळाच्या मैदानावरची हजेरी



खुरपणीचे दिवस आले की आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे हजेरीचा. बाईची हजेरी एवढी, गड्याची तेवढी. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं. गडी औत धरतो, पोती उचलतो, बायांचं काम हलकं. दिवसभर उकिडवं बसून, उन्हात खुरपं चालवून ज्या बाईची कंबर धरते, तिला ते काम हलकं वाटतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

आज आम्ही याच हजेरीचा इतिहास सांगणार आहोत, पण तो शेतातला नाही, खेळाच्या मैदानावरचा आहे. तुम्ही म्हणाल, टेनिस आणि क्रिकेट खेळणाऱ्या बायकांचा आणि आपला काय संबंध? त्या लाखांत कमावतात, आपण शेकड्यांत. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण खेळात एक सोय आहे. तिथला हिशेब उघडा असतो. पुरुष विजेत्याला किती आणि महिला विजेतीला किती, हे वर्तमानपत्रात छापून येतं. त्यामुळे बाईला कमी देण्याची कारणं कशी सांगितली जातात आणि ती कशी खोडून काढली जातात, हे तिथं स्पष्ट दिसतं. ती कारणं ऐकली की तुम्हाला आपल्याच बांधावर उभं राहिल्यासारखं वाटेल.

आधी टेनिसची गोष्ट घेऊ. १९६८ सालापर्यंत टेनिसच्या मोठ्या स्पर्धांमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. खेळावर पोट भरणाऱ्यांना तिथं खेळता येत नसे. १९६८ मध्ये हा नियम बदलला आणि इंग्लंडमधल्या विम्बल्डनच्या स्पर्धेत पहिल्यांदा रोख बक्षिसं दिली गेली. त्या वर्षी पुरुषांमध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर जिंकला, त्याला २,००० पौंड मिळाले. बायकांमध्ये अमेरिकेची बिली जीन किंग जिंकली, तिला मिळाले ७५०. मैदान तेच आणि पंधरवडाही तोच. तिकीट काढून आलेले लोकही तेच. तिची हजेरी मात्र त्याच्या निम्मीसुद्धा भरली नाही.

दोन वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेत लॉस एंजेलिसला एक स्पर्धा ठरली. पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर असं जाहीर झालं. त्यातही ज्या बायका शेवटच्या आठांत पोचतील त्यांनाच काही मिळणार, बाकीच्यांनी रिकाम्या हातानं परत जायचं. खेळाडूंनी आयोजकांना विनंती करून पाहिली, पण ते बधले नाहीत. तेव्हा नऊजणींनी ठरवलं की या स्पर्धेला जायचंच नाही. त्यांच्यात सात अमेरिकेच्या होत्या आणि दोन ऑस्ट्रेलियाच्या. ग्लॅडिस हेल्डमन नावाच्या बाई टेनिसचं एक मासिक चालवत असत, त्यांनी पुढाकार घेतला. ह्यूस्टन शहरात फक्त बायकांची वेगळी स्पर्धा भरवायचं ठरलं आणि या नऊजणींनी हेल्डमनबाईंशी करार केला, प्रत्येकीनं एक डॉलरचा. तेव्हाचा एक डॉलर म्हणजे आपले साडेसात रुपये.

करार एका डॉलरचा असला तरी धोका मोठा होता. अमेरिकेच्या टेनिस संघटनेनं त्यांना निलंबित केलं. मोठ्या स्पर्धांचे दरवाजे कायमचे बंद होण्याची भीती होती. एकटीनं असं पाऊल उचललं असतं तर तिची जागा दुसरीनं घेतली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. नऊजणी एकदम उठल्या म्हणून त्यांची दखल घ्यावी लागली.

इथं एक गोष्ट झाकून ठेवायला नको. या बायकांच्या स्पर्धांना पैसा दिला तो एका सिगारेट कंपनीनं. बायकांनी सिगारेट ओढावी म्हणून तिनं खास त्यांच्यासाठी सिगारेट काढली होती आणि तिच्या जाहिरातीसाठी तिला या खेळाडू हव्या होत्या. तंबाखूनं आणि मिश्रीनं आपल्या घरांतल्या बायकांचं काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्या मदतीचं कौतुक आम्ही करणार नाही. पण दुसरं कुणी पैसा लावायला तयार नव्हतं, हेही तितकंच खरं. हक्काची वाट नेहमी स्वच्छ रस्त्यानंच जाते असं नाही.

त्या स्पर्धा चालल्या. लोक तिकिटं काढून बायकांचा खेळ बघायला आले. १९७१ मध्ये बिली जीन किंगची वर्षाची बक्षिसाची कमाई एक लाख डॉलरच्या वर गेली. तोवर कुठल्याही खेळाडू बाईनं एका वर्षात एवढी कमाई केली नव्हती. तरी मोठ्या स्पर्धांमध्ये जुनाच हिशेब सुरू होता. १९७२ ची अमेरिकन ओपन तिनं जिंकली तेव्हा तिला १०,००० डॉलर मिळाले आणि पुरुष विजेत्याला २५,०००. तिनं आयोजकांना सांगितलं की पुढच्या वर्षी बक्षीस सारखं नसेल तर मी येणार नाही आणि दुसऱ्याही येतील असं वाटत नाही.

मग उजाडलं १९७३ साल. जून महिन्यात विम्बल्डन सुरू होण्याआधी लंडनच्या एका हॉटेलात साठाहून जास्त महिला खेळाडू जमल्या. पुरुष खेळाडूंनी आधीच्या वर्षी आपली संघटना काढली होती, पण तिच्यात बायकांना जागा नव्हती. तेव्हा बायकांनी आपली संघटना काढायची ठरवली. सगळ्यांचं एकमत होईना, काहीजणी बिचकत होत्या. हॉलंडची उंचीपुरी खेळाडू बेटी स्टोव्ह हिला किंगनं दारात उभं केलं आणि सांगितलं की निर्णय होईपर्यंत कुणाला बाहेर सोडू नकोस. त्या बैठकीत महिला टेनिसपटूंची संघटना जन्माला आली. बैठकीतून अर्ध्यातच उठून जाणाऱ्यांची अडचण काय असते, ते आपल्या गटांच्या अध्यक्षांना वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी अमेरिकन ओपननं पुरुष आणि महिला विजेत्यांना सारखं बक्षीस जाहीर केलं. प्रत्येकी २५,००० डॉलर. कमी पडणारी रक्कम अंगाला लावायच्या सुगंधी द्रव्याच्या एका कंपनीनं भरून दिली. आणि त्या सप्टेंबरच्या २० तारखेला ह्यूस्टनच्या भल्यामोठ्या छताखालच्या मैदानात तो गाजलेला सामना झाला. पंचावन्न वर्षांचा माजी विजेता बॉबी रिग्ज म्हणत होता की बायकांचा खेळ काही खरा खेळ नाही, या वयातही मी त्यांना हरवीन. मे महिन्यात त्यानं मार्गारेट कोर्टला हरवूनही दाखवलं होतं. एकोणतीस वर्षांच्या बिली जीन किंगनं त्याला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. तीस हजारांवर लोक मैदानात होते आणि कोट्यवधी लोकांनी तो सामना टीव्हीवर पाहिला.

मैत्रिणींनो, १९७३ साल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? आपल्या आजी आणि आईला विचारा. त्या दुष्काळ सांगतील. १९७२-७३ च्या त्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, माती टाकायला कामावर गेली. बायका मोठ्या संख्येनं गेल्या. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बाई आणि पुरुष यांना कामाचा दर सारखा, हे या योजनेचं तत्त्व होतं. दोघांची नावं त्याच मस्टरवर लागली.

त्याच वर्षी आपल्याच पुण्यात आणखी एक गोष्ट घडली. एप्रिल १९७३ मध्ये महिला क्रिकेटची देशातली पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली. संघ आले तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. महिला क्रिकेटची राष्ट्रीय संघटना नुकतीच लखनौमध्ये महेंद्रकुमार शर्मा यांनी काढली होती. त्याच वर्षी वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली, तिथं आठ संघ आले, आणि कोलकात्याच्या तिसऱ्या स्पर्धेला चौदा. मुलींना खेळायचं होतं, फक्त मैदान मिळायचं बाकी होतं, एवढं या आकड्यांवरून दिसतं.

पण तिथं पैशाचा प्रश्न निघालाच नाही, कारण पैसाच नव्हता. १९७६ मध्ये शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी पाटण्यात वेस्ट इंडिजला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. १९७८ मध्ये महिलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा मुंबईच्या डायना एडलजी कर्णधार होत्या. देशाकडून खेळणाऱ्या या बायका रेल्वेच्या साध्या डब्यातून, कधी आरक्षणाशिवाय, सामान घेऊन प्रवास करत आणि वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत एकत्र झोपत. एडलजी पश्चिम रेल्वेत नोकरीला होत्या. रेल्वेनं महिला खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, त्यांवरच अनेकींचा खेळ टिकला. खेळाची कमाई नाही, नोकरीचा पगार त्यांना तारत होता.

हा पैशाचा अभाव किती वर्षं चालला, ते मिताली राज यांनी सांगितलं आहे. २००५ च्या विश्वचषकात त्या भारताच्या कर्णधार होत्या आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. तेव्हा एका सामन्याचे एक हजार रुपये मिळाले, तेही त्या स्पर्धेपुरते. २००६ मध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट मंडळाकडे आलं आणि वार्षिक करार सुरू झाले ते २०१५ मध्ये.

आता परत टेनिसकडे येऊ, कारण तिथं वाद अजून संपलेला नव्हता. अमेरिकेनं १९७३ मध्ये सारखं बक्षीस दिलं, पण विम्बल्डन ऐकेना. त्यांची दोन कारणं होती, आणि ती नीट ऐका.

पहिलं कारण असं की पुरुष पाच सेटचा सामना खेळतात आणि बायका तीन सेटचा. काम कमी म्हणून दाम कमी. ऐकायला बरोबर वाटतं. पण तीन सेटचा नियम बायकांनी केलेला नव्हता. आम्ही पाच सेट खेळायला तयार आहोत, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या स्वतःच्या वर्षअखेरच्या स्पर्धेचा अंतिम सामना १९८४ पासून १९९८ पर्यंत पाच सेटचा ठेवून त्यांनी ते दाखवलंही. म्हणजे आधी बाईला छोटं काम नेमून द्यायचं आणि मग तुझं काम छोटं म्हणून दर कापायचा. औत गड्याकडं, खुरपं बाईकडं आणि औताचा दर जास्त, यात आणि त्यात फरक काय?

दुसरं कारण असं की लोक पुरुषांचा खेळ बघायला येतात, पैसा त्यांच्यामुळे येतो. या कारणात थोडं तथ्य असतं, ते नाकारू नये. काही सामन्यांना गर्दी कमी असते. पण मोठं मैदान कुणाला दिलं, चांगली वेळ कुणाला दिली, टीव्हीवर कुणाला दाखवलं, हे कोण ठरवतं? दुकानात माल मागच्या फळीवर ठेवायचा आणि तो खपत नाही म्हणायचं, असा तो प्रकार.

२००५ मध्ये अमेरिकेची व्हीनस विल्यम्स आपल्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मोठ्या स्पर्धांच्या कारभाऱ्यांच्या बैठकीत गेली. तिनं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली की समजा तुम्ही एक लहान मुलगी आहात, वर्षानुवर्षं कष्ट करून वर पोचलात, आणि तिथं तुम्हाला सांगितलं की तू मुलगी म्हणून तुला कमी. दुसऱ्या दिवशी ती सामना जिंकली. पुढच्या वर्षी तिनं वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्या २००६ साली पुरुष विजेत्याला ६,५५,००० पौंड होते आणि महिलेला ६,२५,०००. फरक उरला होता तीस हजारांचा. एवढ्या श्रीमंत स्पर्धेला तीस हजार पौंड जड नव्हते. तो फरक म्हणजे बाई एक पायरी खाली आहे हे दाखवण्याची खूण होती. फेब्रुवारी २००७ मध्ये विम्बल्डननं ती खूण पुसली. त्या वर्षी महिलांमध्ये व्हीनसच जिंकली, आणि तिला व पुरुष विजेता रॉजर फेडरर याला प्रत्येकी ७ लाख पौंड मिळाले. अमेरिकन ओपननंतर विम्बल्डनला तिथवर यायला चौतीस वर्षं लागली.

आपल्या देशातही एकीनं असाच हट्ट धरला. चेन्नईच्या दीपिका पल्लिकल या स्क्वॉश खेळतात. भिंतीवर चेंडू मारून खेळायचा तो खेळ. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष आणि महिलांचं बक्षीस वेगळं म्हणून त्या २०१२ पासून २०१५ पर्यंत स्पर्धेत उतरल्याच नाहीत. २०१५ मध्ये पुरुष विजेत्याला १ लाख २० हजार आणि महिलेला ५० हजार होते. बक्षीस सारखं झाल्यावर २०१६ मध्ये त्या परत आल्या आणि जिंकल्या. देशातल्या अव्वल खेळाडूनं ऐन उमेदीची चार वर्षं घातली तेव्हा हे झालं.

आणि क्रिकेट? जुलै २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या मंडळानं महिला आणि पुरुषांना सामन्याचं मानधन सारखं केलं. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला भारतीय मंडळानंही तसं जाहीर केलं. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख, बाई असो की पुरुष. ही मोठी गोष्ट झाली, आणि ती मिळावी म्हणून ज्या बायका डब्याच्या दाराशी सामानावर बसून गेल्या त्यांचा तिच्यात वाटा आहे.

पण मैत्रिणींनो, सवयीप्रमाणे आपण हिशेब शेवटपर्यंत करू. सामन्याचा दर सारखा झाला. सामने किती मिळतात? नोव्हेंबर २०१४ नंतर भारतीय महिला थेट जून २०२१ मध्ये कसोटी सामना खेळल्या. मधली साडेसहा वर्षं एकही नाही. कसोटीचा दर १५ लाख असो की १५ रुपये, काम मिळालंच नाही तर पदरात काय पडणार? दुसरं म्हणजे वार्षिक करार. वर्षभराची बांधलेली रक्कम पुरुषांमध्ये सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी आणि सर्वांत खालच्या श्रेणीला १ कोटी होती, तेव्हा महिलांमध्ये वरच्या श्रेणीला ५० लाख आणि खालच्या श्रेणीला १० लाख होते. म्हणजे सर्वांत वरची बाई सर्वांत खालच्या पुरुषाच्या निम्म्यावर. वर्तमानपत्रांत मथळा आला तो सारख्या मानधनाचा. कराराची गोष्ट आतल्या पानात राहिली.

आणि लोक बघत नाहीत म्हणणाऱ्यांना उत्तरही आपल्याच राज्यात मिळालं. २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग मुंबई आणि नवी मुंबईच्या मैदानांवर सुरू झाली. तिच्या पहिल्या लिलावात सगळ्यांत जास्त बोली लागली ती आपल्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनावर, ३ कोटी ४० लाखांची. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या भरलेल्या मैदानात भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेच्या विजेत्यांचं बक्षीस ४४ लाख ८० हजार डॉलर होतं. २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकात विजेत्यांना ४० लाख डॉलर मिळाले होते. मैदान दिलं, टीव्हीवर दाखवलं, चांगली वेळ दिली, तेव्हा लोकही आले आणि पैसाही आला.

आता आपल्या बांधावर परत येऊ. समान कामाला समान वेतन मिळावं, असं आपल्या संविधानाच्या एकोणचाळिसाव्या कलमात राज्याच्या धोरणाचं तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व आलं. तरीही बाईची हजेरी कमी राहते, ती बहुतेक कायदा उघड मोडून नव्हे. कामाची नावं वेगळी ठेवून, दिवस कमी देऊन आणि ठोक रकमेत फरक करून. खेळाडू बायकांना हेच तीन डाव ओळखावे लागले.

म्हणून पुढच्या बैठकीत हजेरीचा विषय निघाला की आपण तीन गोष्टी वहीत मांडू. गावात कोणतं काम बाईचं आणि कोणतं गड्याचं, हे कुणी ठरवलं आणि त्यांचे दर किती आहेत. वर्षात बाईला किती दिवस काम मिळतं आणि गड्याला किती. आणि उक्त्या कामाचे किंवा सालाचे पैसे कुणाच्या हातात पडतात. आकडे एकदा कागदावर आले की बोलणं सोपं जातं. विम्बल्डनचा तीस हजार पौंडांचा फरक छापून आला होता, म्हणूनच तो डोळ्यांत सलला.

आणि बोलायला जाताना एकटीनं जाऊ नका. त्या नऊजणी होत्या, हे लक्षात असू द्या.